फायबरग्लास नौकेच्या जुन्या कवचाची दुरुस्ती

फायबरग्लास नौकेच्या जुन्या कवचाची दुरुस्ती करावी की नौका कामातून काढून टाकावी, हा नौकाबांधणी व नौकासुरक्षा या दोन्ही क्षेत्रांतील निर्णय आहे. नौकेचे कवच म्हणजे तळाच्या पठाणापासून काठापर्यंतचा, पाणी बाहेर रोखून धरणारा व नौकेला आकार देणारा भाग. शिडाच्या नौका, मासेमारीच्या होड्या, प्रवासी नौका व बचाव नौका यांची कवचे विसाव्या शतकाच्या मध्यापासून मोठ्या प्रमाणावर काचतंतू व रेझिन यांच्या मिश्रणातून बनवली जाऊ लागली. बोलभाषेत अशा नौकेला ‘फायबरची होडी’ किंवा नुसते ‘फायबर’ म्हणतात.

हे साहित्य कुजत नाही, गंजत नाही व त्याला वाळवी लागत नाही. त्यामुळे ते कायम टिकते असा समज आहे, परंतु तो पूर्णपणे खरा नाही. जुने कवच बाहेरून तुकतुकीत दिसत असूनही आतून निकामी झालेले असू शकते. उलट रंग उडालेले, ओरखड्यांनी भरलेले कवच मजबूत असू शकते. म्हणून दुरुस्तीचा निर्णय वयावरून वा बाह्य रूपावरून न घेता थरांच्या प्रत्यक्ष तपासणीवरून घेतला जातो.

इतिहास

काचेचे बारीक तंतू औद्योगिक प्रमाणावर काढण्याचे तंत्र अमेरिकेत १९३०च्या दशकात विकसित झाले. पॉलिएस्टर रेझिनशी त्यांचा संयोग करून लहान शिडाच्या नौका बनवण्याचे पहिले प्रयोग १९४०च्या दशकात झाले. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून मोठ्या शिडाच्या नौकाही एकाच साच्यातून अनेक प्रतींत निघू लागल्या. त्या काळी नव्या साहित्याच्या ताकदीचा पुरेसा अंदाज नसल्याने अनेक कवचे जाड बनवली गेली. त्यांपैकी बऱ्याच नौका आजही पाण्यावर आहेत व जुन्या नौकेच्या दुरुस्तीचा प्रश्न मुख्यतः त्यांच्यामुळे पुढे आला.

भारतात या साहित्याचा प्रसार प्रामुख्याने मासेमारीच्या होड्यांतून झाला. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या लाकडी होडीवर फायबरग्लासचे आवरण चढवण्याचे तंत्र विकसित केले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पुनर्वसनाचा भाग म्हणून फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने वाटण्यात आल्या.

शिडाच्या नौकांच्या क्षेत्रात गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेली ‘म्हादेई’ ही भारतीय नौदलाची नौका महत्त्वाची ठरली. सुमारे १७ मीटर लांबीच्या या नौकेचे कवच लाकडी गाभ्यावर आतून व बाहेरून फायबरग्लासचे थर देऊन तयार केले आहे. ती २००९ साली नौदलात दाखल झाली. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली व असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये याच नौकेतून कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. तिची भगिनी नौका ‘तारिणी’ हिने २०१७-१८ व २०२४-२५ अशा दोन पृथ्वीप्रदक्षिणा केल्या.

रचना

साध्या कवचात बाहेरून आत पुढीलप्रमाणे थर असतात:

जेलकोट – सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत रेझिनचा थर. तो चकाकी देतो व ऊन-पाण्यापासून संरक्षण करतो. ताकद देत नाही.
मॅट – आखूड तुटक काचतंतूंची चटई.
रोव्हिंग – जाड काचतंतूंचे विणलेले कापड. कवचाची खरी ताकद यात असते.
गाभा – काही नौकांत दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड, प्लायवूड किंवा फोम भरलेला असतो. त्यामुळे वजन फारसे न वाढता कवच ताठ होते.

लाकडी नौकेची एखादी फळी कुजली तर तेवढीच काढून नवी बसवता येते. मुंबईत सागवानात बांधलेली व १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी जगप्रदक्षिणेसाठी वापरलेली ‘सुहेली’ ही नौका अर्धशतकानंतरही दुरुस्त होऊ शकली, ती या गुणामुळे. फायबरग्लासचे कवच मात्र अखंड असते. त्यात जोड नसल्याने पाणी झिरपण्याच्या जागा कमी असतात, परंतु एकदा पाणी थरांत शिरले की ते कोठवर पसरले आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

ऱ्हासाची कारणे

परासरण. पॉलिएस्टर रेझिनमधून पाण्याचे रेणू अतिशय मंद गतीने आत शिरतात. आत न जुळलेली रसायने त्यात विरघळून दाट द्रव तयार होतो. बाहेरचे पातळ पाणी या दाट द्रवाकडे ओढले जाते, दाब वाढतो व जेलकोटखाली फोड येतात. फोड फोडल्यास व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ही क्रिया खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात अधिक वेगाने होते, कारण आतील द्रव व बाहेरील पाणी यांच्या दाटपणातील फरक तेथे जास्त असतो. ‘खारे पाणी नाही म्हणून नौकेला धोका नाही’ ही समजूत त्यामुळे फसवी आहे.

थर सुटणे. आघाताने किंवा सततच्या लवचिक हालचालीने थर एकमेकांपासून विलग होतात. फलकाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. एकसंध फलक मधोमध सुटून दोन समान थर झाले, तर दोघांचा मिळून ताठपणा मूळच्या एक चतुर्थांशावर येतो. साहित्य तेवढेच, वजन तेवढेच, पण कवच हाताने दाबल्यावर लवू लागते.

गाभा भिजणे. स्क्रू, खुंट्या व कड्यांसाठी पाडलेल्या छिद्रांतून पाणी गाभ्यात उतरते. बाल्सा व प्लायवूड हळूहळू कुजतात. पाठीमागे यंत्र टांगलेल्या होडीत मागच्या फळीतील लाकडी गाभा हा सर्वांत आधी दगा देणारा भाग असतो.

ऊन व घर्षण. प्रखर उन्हाने जेलकोट भुरभुरीत होतो. खडकाळ काठावर होडी ओढल्याने तळ झिजतो व रोव्हिंग उघडे पडते. उघड्या तंतूंवाटे पाणी आत खेचले जाते.

तपासणी

तपासणी नौका पाण्याबाहेर काढून, शेवाळ खरवडून व काही दिवस सावलीत वाळवून केली जाते.

ठोकून पाहणे. मडके विकत घेताना ते वाजवून पाहतात, तीच ही रीत. नाण्याने किंवा हातोडीच्या लाकडी दांड्याने दर दोन-तीन बोटांच्या अंतरावर हलके ठोकतात. सलग थरांचा आवाज टणटणीत येतो, सुटलेल्या किंवा भिजलेल्या जागी बद्द येतो. बद्द जागांभोवती खडूने रेघ ओढली की दोषाचा नकाशा तयार होतो.

भेगांचे वाचन. एका बिंदूपासून ताऱ्यासारख्या पसरलेल्या भेगा आघाताच्या असतात. समांतर भेगांची रांग त्या जागी कवच वारंवार लवत असल्याचे सांगते. पहिल्या प्रकारात घाव बुजवणे पुरते; दुसऱ्या प्रकारात लवण्याचे कारण दूर केल्याशिवाय बुजवलेली भेग पुन्हा उघडते.

ओलावा. ओलावामापकाचे आकडे तुलनात्मक असतात. धातूची टाकी किंवा तांबेयुक्त रंग जवळ असल्यास ते दिशाभूल करतात. यंत्र नसल्यास पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने सावलीतील कवचावर लावून ठेवतात. एक-दोन दिवसांनी आतल्या बाजूस दव दिसले तर कवचातून ओल बाहेर पडत आहे असे समजतात.

छिद्र पाडून पाहणे. शंकास्पद जागी आतल्या बाजूने लहान छिद्र पाडून निघालेला भुगा पाहतात. कोरडा व फिकट भुगा चांगला. काळा, ओला व कुबट वासाचा भुगा गाभा कुजल्याची खूण होय. बाहेरचा थर भेदला जाणार नाही याची काळजी घेतात.

जोडांची तपासणी. शिडाच्या नौकेत डोलकाठीचा पाया, तिला ताणून धरणाऱ्या तारांच्या पट्ट्या, पठाणाचे बोल्ट, सुकाणूचा आस व आतील आडभिंतींचे जोड तपासतात. वाऱ्याचा सारा भार या मोजक्या जागांतून कवचात उतरतो. यंत्राच्या होडीत मागची फळी व यंत्राची बैठक यांना तेच महत्त्व आहे.

तरंगक्षमता. अनेक नौकांत बुडू नये म्हणून हवाबंद कप्पे किंवा फोम असतो. जुना फोम पाणी पिऊन जड झालेला असल्यास तो नौकेला तारत नाही, उलट खाली ओढतो. नौका पूर्वीपेक्षा खोल बसू लागली असेल तर आधी येथे पाहतात.

निर्णयाचे निकष

तपासणीनंतर साधारणपणे तीन मार्ग उरतात.

दुरुस्ती करावी: दोष एका-दोन जागी मर्यादित आहे, भोवतालचे थर टणटणीत आहेत, गाभा बहुतांश कोरडा आहे व जोड पक्के आहेत. विखुरलेले लहान फोड या वर्गात येतात. केवळ फोडांमुळे नौका बुडाल्याची उदाहरणे दुर्मीळ आहेत. फोड ही घाबरण्याची नव्हे, लक्ष देण्याची खूण मानली जाते.

वापर मर्यादित करावा: कवच सुरक्षित आहे, परंतु मूळ ताकद राहिलेली नाही. अशी नौका कमी भाराने, शांत पाण्यात, काठाजवळ व प्रवासी न घेता वापरता येते. हा मार्ग निवडल्यास भाराची नवी मर्यादा नौकेवर रंगवून लिहिणे आवश्यक ठरते. तोंडी ठरवलेली मर्यादा गर्दीच्या दिवशी टिकत नाही.

निर्लेखन करावे: थर मोठ्या क्षेत्रावर सुटले आहेत, गाभा ठिकठिकाणी कुजला आहे, पठाण किंवा मागच्या फळीजवळ कवच लवते आहे, अथवा आधीच्या दुरुस्त्यांच्या ठिगळांखाली पुन्हा ओल सापडते आहे.

खर्चाचा विचार करताना कवच व नौका यांत फरक करावा लागतो. शिडाच्या जुन्या नौकेत शिडे, डोलकाठी, तारा, दोर, यंत्र व वीजजोडणी यांचा एकत्रित खर्च कवचाच्या दुरुस्तीपेक्षा सहज अधिक होतो. फुकट मिळालेले कवच त्यामुळे अखेरीस महाग पडू शकते. सर्व खर्चाची बेरीज तशाच स्थितीतील तयार नौकेच्या किमतीशी ताडून पाहणे हा रूढ उपाय आहे. मात्र पैशांचा हिशेब दुसऱ्या क्रमांकाचा असतो. नौकेत कोण बसणार हा पहिला प्रश्न होय. हौसेने शीड उभारणारा नाविक धोका ओळखून पत्करतो; नौकेवाचून दुसरा मार्ग नसलेल्या प्रवाशाला तशी निवड नसते.

दुरुस्तीची पद्धत

भोक वा भेग नुसत्या लांबीने बुजवणे ही दुरुस्ती नव्हे. लांबीत अखंड तंतू नसल्याने ती भार वाहत नाही. योग्य पद्धतीत खराब भाग पूर्ण कापून भोवतालची कड ग्राइंडरने उतरती घासतात. हा उतार जाडीच्या सुमारे बारापट ठेवतात. कवच ५ मिलिमीटर जाड असेल तर प्रत्येक बाजूस ६० मिलिमीटर उतार लागतो. म्हणजे १०० मिलिमीटरच्या भोकासाठी २२० मिलिमीटरचे वर्तुळ घासावे लागते. त्यावर क्रमाने थर चढवले जातात. भोकापेक्षा दुरुस्ती एवढी मोठी का दिसते, याचे उत्तर या उतारात आहे.

नव्या थरासाठी पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडते, परंतु जुन्या, घट्ट झालेल्या पृष्ठभागाला एपॉक्सी अधिक चांगले चिकटते. साध्या मॅटमधील तंतू बांधणारा पदार्थ स्टायरीनमध्ये विरघळावा असा बनवलेला असतो व एपॉक्सीत स्टायरीन नसते. म्हणून एपॉक्सीबरोबर विणलेले किंवा शिवलेले कापड वापरतात. एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट घट्ट होत नसल्याने क्रम उलटा करत नाहीत.

फोडांच्या उपचारात जेलकोट घासून काढणे, कवच गोड्या पाण्याने वारंवार धुणे, अनेक आठवडे वाळवणे व अखेर एपॉक्सीचे ओलरोधक थर देणे हे टप्पे असतात. वाळवण्याच्या टप्प्यात घाई केल्यास ओल आत कोंडली जाते व फोड पुन्हा येतात.

हार्डनर व कोबाल्ट प्रवेगक हे पदार्थ थेट एकमेकांत कधीही मिसळत नाहीत. तसे केल्यास स्फोट होऊ शकतो. हार्डनर डोळ्यांत गेल्यास दृष्टीला गंभीर इजा होते. काचेची धूळ व स्टायरीनची वाफ यांपासून संरक्षणासाठी चष्मा, मुखपट, हातमोजे व खेळती हवा आवश्यक असते.

नंदुरबार जिल्ह्यातील संदर्भ

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा समुद्रापासून दूर आहे, तरी नौकेच्या सुरक्षिततेचा प्रश्न येथे दैनंदिन जीवनाशी निगडित आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. सरदार सरोवर प्रकल्पामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. धरणाची पूर्ण जलसंचय पातळी १३८.६८ मीटर असून २०१९च्या पावसाळ्यात जलाशय प्रथमच त्या पातळीपर्यंत भरला. सातपुड्याच्या उतारांवर उरलेल्या अनेक पाड्यांना पक्का रस्ता नाही. बाजार, शाळा, दवाखाना व शासकीय कार्यालय गाठण्यासाठी पाण्याचा मार्ग वापरावा लागतो. आरोग्य विभागाचे तरंगते दवाखाने या भागात चालवले गेले आहेत. २०२० मध्ये चिमलखेडी येथील एका अंगणवाडी सेविकेने स्वतः होडी वल्हवत दूरच्या पाड्यांवरील बालकांपर्यंत पोषण आहार पोहोचवला. जिल्ह्याच्या दक्षिण भागात नवापूर व नंदुरबार तालुक्यांत तापीवरील उकाई धरणाचा फुगवटा पसरलेला आहे व तेथे मासेमारी चालते.

जलाशयातील फायबरच्या नौकेवर समुद्रापेक्षा वेगळे ताण येतात. गोड्या पाण्यामुळे परासरणाचा धोका अधिक असतो. उन्हाळ्यात पातळी उतरत गेली की पाण्याखालचे खडक व झाडांची खोडे तळाला लागतात, आणि प्रत्येक वेळी उतरण्याची जागा बदलत असल्याने होडी दगडगोट्यांवरून ओढावी लागते. उन्हाळी तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते.

याच परिस्थितीत एक सोयही आहे. मार्च ते मे हा कोरडा काळ कवच वाळवण्यास अनुकूल असतो. मात्र त्या उष्णतेत रेझिन भांड्यातच घट्ट होऊ लागते; म्हणून ते थोडे थोडे कालवून, सकाळी लवकर व सावलीत थर चढवणे श्रेयस्कर ठरते. पावसाळी दमट हवेत थरांची पकड बिघडत असल्याने काम जूनपूर्वी संपवावे लागते.

१५ जानेवारी २०१९ रोजी, मकर संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यातील भुषा येथे नर्मदेत प्रवासी नौका उलटून किमान सहा जणांचा मृत्यू झाला. नौकेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे असल्याचे त्या वेळच्या वृत्तांत नमूद आहे. कवचाची दुरुस्ती हा सुरक्षेचा एक भाग आहे, संपूर्ण सुरक्षा नव्हे, हे अशा घटनांवरून स्पष्ट होते. उत्तम दुरुस्त केलेल्या नौकेचीही भारक्षमता वाढत नाही. चढवलेल्या जादा थरांच्या वजनाने ती किंचित कमीच होते.

दुर्गम भागात निर्णयाची चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. निकामी कवच वापरात ठेवल्यास जीव धोक्यात येतात. दुरुस्त होण्याजोगी नौका विनाकारण मोडीत काढल्यास पाड्याचा मार्गच तुटतो, किंवा तिचा भार उरलेल्या एखाद्या नौकेवर पडून तीत गर्दी वाढते. म्हणून नौका दुरुस्तीस काढण्यापूर्वी पर्यायी नौकेची सोय करणे हे दुरुस्तीच्या नियोजनाचेच अंग मानले पाहिजे.

कायदेशीर बाजू

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ या कायद्याने १९१७चा जुना कायदा रद्द केला. यंत्रचलित अंतर्देशीय नौकांची पाहणी, नोंदणी व प्रमाणपत्र यांची तरतूद त्यात आहे. कवचात मोठा बदल वा दुरुस्ती झाल्यास जुन्या प्रमाणपत्रावर विसंबून न राहता नौकेची नव्याने पाहणी करून घेणे आवश्यक ठरते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांच्या जुन्या होड्यांच्या बदली नव्या होड्यांसाठी साहाय्याची तरतूद आहे. निर्लेखनाचा विचार करणाऱ्या मच्छीमारासाठी ती उपयुक्त ठरते.

निर्लेखन व पर्यावरण

घट्ट झालेले पॉलिएस्टर रेझिन पुन्हा वितळत नाही. त्यामुळे फायबरग्लासचे भंगार धातूसारखे ओतून वापरता येत नाही. ते उघड्यावर जाळल्यास विषारी धूर होतो. काही देशांत त्याचा चुरा सिमेंटच्या भट्टीत इंधन व कच्चा माल म्हणून वापरला जातो. नौका काठावर टाकून दिल्यास किंवा पाण्यात बुडवल्यास तिचे तुकडे वर्षानुवर्षे टिकतात व पातळी उतरल्यावर दुसऱ्या नौकांच्या तळाला लागतात. निर्लेखित नौकेचे यंत्र, कडी व लोखंडी भाग काढून घेऊन तिची मागची फळी कापून टाकतात, जेणेकरून ती पुन्हा कोणी पाण्यात उतरवणार नाही.

हेही पाहा

नर्मदा नदी
सरदार सरोवर
उकाई धरण
अक्राणी तालुका
आयएनएसव्ही म्हादेई
परासरण